फौजदाराची अंडी

फौजदाराने चावणं सोडलं, तेव्हा महिपतीला खरी काळजी लागली.

फौजदार म्हणजे वडिवळ्यातल्या त्याच्या घरचा राजहंस. धरणाकडच्या बंगल्याचे मालक बंगला विकून गेले आणि जाताना नर-मादीची ही जोडी महिपतीच्या गळ्यात घालून गेले. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेल्या महिपतीच्या पोटरीवर फौजदाराचा पहिल्या दिवसापासून डोळा. महिपती फाटकातून आत आला रे आला की हा मान लांब करून फुत्कारत धावायचा आणि पोटरीचा चिमटा घेतल्याशिवाय हटायचा नाही. महिपती रोज त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा.

पण भटक्या कुत्र्यांनी मादीला मारलं आणि फौजदार पार मिटला. दाण्याकडे बघेना. दिवसभर अंगणातल्या मोटारसायकलपुढे उभा राहून तिच्या चकचकीत टाकीत दिसणाऱ्या राजहंसाशी हळू आवाजात बोलत राही. महिपती मुद्दाम धोतर वर खोचून, पोटऱ्या उघड्या टाकून त्याच्यासमोरून गेला. फौजदाराने मानही वळवली नाही.

"ह्यो काय जगत न्हाई आता," बायको रतनबाई म्हणाली. महिपतीला एकदम वाईट वाटलं. इतकं वाईट वाटेल असं त्याला स्वतःलाच वाटलं नव्हतं.

मादी मागे अंडी ठेवून गेली होती. पोर झालं तर ह्याला जगायला काहीतरी कारण मिळेल, असं दोघांच्याही मनात आलं. रतनबाईने आधी शेजारची खुडूक कोंबडी आणून अंड्यांवर बसवली. अंडी ही एवढाली! कोंबडी वर चढायची आणि घसरून खाली यायची. शेवटी वैतागून तिने उबवायचा नादच सोडला.

मग महिपतीतला रेल्वेवाला जागा झाला. त्याने थर्माकोलचा खोका आणला, आत भाताचं तूस पसरलं, कोपऱ्यात बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली. कामशेतात पंखे-मोटारी दुरुस्त करणाऱ्या नूरमहंमदकडून, म्हणजे आपल्या जुन्या दोस्ताकडून, उष्णता बघून बल्ब चालू-बंद करणारं यंत्र आणलं. यंत्राची उष्णता मोजणारी वायर अंडी फिरवताना मधे येऊ नये म्हणून कोपऱ्यातच, घडी घातलेल्या फडक्याखाली सरकवली. आकडा हवा तिथे स्थिर झाला. महिपती वेळच्या वेळी अंडी फिरवी, पाणी शिंपडी आणि मोबाइलचा उजेड लावून बघे. आत लाल शिरांचं जाळं दिसलं त्या दिवशी त्याने फौजदाराला जाऊन ही बातमी सांगितली. फौजदार टाकीशी बोलत राहिला.

पिल्लं निघायचा दिवस आला आणि गेला. "गाडी लेट हाय," महिपती म्हणाला. आणखी दिवस गेले. फोनवरच्या व्हिडिओतला एक माणूस म्हणे ओल कमी पडते. महिपतीने वाटीच्या जागी परात ठेवली. दुसरा म्हणे ओल जास्त होते. परात काढून पुन्हा वाटी आली. तिसरा म्हणे धीर धरा. त्याचा व्हिडिओ महिपतीने पुरा पाहिलाच नाही. अखेर त्याने नूरमहंमदला फोन लावून फैलावर घेतलं. "तुझं यंत्र खोटं हाय. आमचा फौजदार मरायला टेकलाय हितं!"

नूरमहंमद तसाच स्कूटरवर आला. येताना त्याने जैतुनबीचं, म्हणजे बायकोचं, ताप बघायचं थर्मामीटर आणलं होतं. ते त्याने अंड्यांमधे खोचलं. आकडा उमटेचना.

"महिपतीभाऊ, यंत्र म्हणतंय झकास गरम, आणि अंडी तर गारठल्यात. वायर कुटं ठिवलीय?"

महिपतीने फडक्याची घडी उचलली. वायरीला चिकटून, बल्बच्या अगदी पुढ्यात, एक जाडजूड लोखंडी खिळा पडला होता. रुळाचा खिळा! नोकरीची आठवण म्हणून महिपतीने जपलेला, आणि गेले कित्येक दिवस तो घरभर शोधत असलेला. बल्ब लागला की आधी खिळा तापायचा. वायरीला वाटायचं, झालं, खोका तापला. की यंत्र बल्ब बंद करून मोकळं. अंडी बिचारी कुडकुडत राहायची.

दोघांनी एकदमच रतनबाईकडे पाहिलं.

"बघताय काय? वळवाचे ढग गडगडतात न्हवं का? लोखंड न्हाई ठिवलं तर अंडी नासत्यात. माझ्या आईनं एक अंडं लोखंडाबिगर उबवाय ठिवलं न्हाई."

"अगं, पण फडक्याखाली?"

"उघडं ठिवलं असतं तर तुमी काढलं असतं."

हे खरं होतं. महिपतीकडे सुनावायला मालगाडीभर शब्द तयार होते. पण रतनबाईचा चेहरा उतरत चालला होता. "मंजी... मीच मारली व्हय पिल्लं?" तिने विचारलं आणि पदर डोळ्याला लावला. महिपतीने मालगाडी जागच्या जागी थांबवली.

"मरतात कशाला? थंडीनं लेट झाली असतील," तो म्हणाला. त्याला स्वतःला ते पटलं नव्हतं. नूरमहंमदने वायर अंड्यांच्या मधोमध बसवली आणि चहा न घेता गेला. फोनवरच्या शिव्यांचा राग अजून उतरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ गडगडलं. महिपती उठला, खिळा घेतला आणि खोक्याच्या झाकणावर, बाहेरून, नीट मधोमध ठेवला. रतनबाईने पाहिलं. संध्याकाळी तिने त्याच्या आवडीचं पिठलं केलं.

बाकीची अंडी गेलीच होती. एकात मात्र हालचाल होती. एका सकाळी त्याला बारीक छिद्र पडलं, आतून चिवचिव आली, आणि मग सारं गप्प. वेळ जाईना. महिपतीने कवच सोलायला नख पुढे केलं.

रतनबाईने मनगट धरलं. "रगत निघंल त्येचं. आपलं आपण येऊ द्या. सिग्नल लाल असताना गाडी सोडलीवती का कदी?"

महिपतीने नख मागे घेतलं. त्याने ओलं फडकं वाटीजवळ ठेवलं आणि खोक्यावर वाकून बसून राहिला. ऊन अंगणात आलं तेव्हा अंडं हललं, कवचाचं टोपण सरकलं आणि एक ओलंगिच्च पिल्लू बाहेर लोळलं. त्याने सगळा जीव एकवटून हाक मारली.

अंगणातलं टाकीशी चाललेलं बोलणं थांबलं.

महिपतीचं तिकडे लक्ष नव्हतं. तो खोक्यात डोकं घालून रतनबाईला सांगत होता, "बघ, डोळं उघडलं!" मागे फरशीवर चपटे पाय वाजले. घरात आजवर कधी न आलेला फौजदार आत आला होता, आणि वाटेत एक पोटरी उभी होती.

"चावला! अगं, चावला!" महिपती एका पायावर नाचत ओरडला. फौजदाराने त्याला बाजूला ढकललं, खोक्यात मान घातली आणि पिल्लाशी बोलायला लागला.

महिपतीने तशीच पोटरी धरून नूरमहंमदला फोन लावला. माफी मागितली, आणि रक्त निघाल्याची बातमी आधी दिली, पिल्लाची नंतर.