ओरुंब्याच्या कंदिलाची वात

मित्रांनो, मी एक जुना कंदील आहे. काच एका कडेला तडकलेली, पाठीवर गंज. पण हरिनामाच्या घरात राहतो, म्हणून मन अजून उजळ आहे.

माझा जन्म समुद्रकाठच्या ओरुंबा देशातला. गोऱ्या साहेबांनी तिथला शेंगदाणा नेला, सागवान नेलं. मागे उरलेल्या पत्र्यातून एका कारागिरानं मला घडवलं. मासळी विकणाऱ्या देजीमावशीनं मला विकत घेतलं. रोज दिवेलागणीला ती माझी काच राखेनं पुसायची, वात कातरायची आणि मला होडीवर टांगायची.

पुढे देश स्वतंत्र झाला आणि समुद्रात तेल लागलं. काय तो थाट! गुळगुळीत रस्ते, विजेचे दिवे, बोटीनं येणारा तांदूळ! जाळी खुंटीवरच कुजली, भुईमुगाच्या रानात गवत माजलं. मीही माळ्यावर गेलो. मग एके वर्षी तेलाचा भाव गडगडला, तिजोरी आटली आणि वीज गेली. जगाला तेल विकणारा देश अंधारात! तेल शुद्ध करायचा कारखाना कुणी बांधलाच नव्हता, त्यामुळे माझं रॉकेलसुद्धा परदेशातून यायचं.

मावशीनं मला खाली काढलं. "आलास का रे म्हाताऱ्या?" म्हणून हसली.

आताचे माझे मालक विलास तेव्हा तिथल्या तेलविहिरींवर इंजिनियर होते आणि मावशीच्या शेजारीच राहायचे. त्यांची मुक्ता माझ्याच उजेडात जन्मली. ही मंडळी तो देश सोडून निघाली, तेव्हा मावशीनं मला मुक्ताच्या आईच्या, प्रभाच्या, हाती दिलं.

आता आम्ही जर्मनीत, रेगेन्सबर्गला असतो. मी केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सायकलींच्या मागे. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही. परवाच्या एकादशीला मात्र प्रभानं घरी कीर्तन ठरवलं. उत्तररंगात ओरुंब्याचं आख्यान लावायचं, म्हणून मला वर आणून पेटवलं. गजर रंगला. पण वात कातरायची राहिली होती. मी भकाभका धूर ओकलो आणि छतावरचा राउखमेल्डर, म्हणजे धुराचा भोंगा, टाळांच्याही वर किंचाळू लागला!

खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ हूबर आग लागली समजून धावत आल्या. "फॉयर?"

विलासांनी मला फुंकर मारून विझवलं. "प्रभा, पुरे झालं. सोमवारी हा श्पेरम्युलमध्ये!"

"अहो, वात आपण कातरली नाही. त्याचा काय दोष?"

"हे घरमालकाला सांग!"

माझा धीर सुटला. भंगारात जायचं ते असं, काळं तोंड घेऊन?

"नाइन, बाबा!" मुक्तानं मला पोटाशी धरलं. घरात नेहमी जर्मनमध्येच उत्तर देणारी ही पोर थबकली आणि मराठीत म्हणाली, "आई, मी कातरते. देजीमावशी कशी कातरायची?"

"वरची काजळी काढ. आता दोन्ही कोपरे, अगदी थोडेसे. गेनाऊ, अस्संच!"

तिनं काच पुसली, मला बाल्कनीत टांगलं, पेटवलं. ज्योत सरळ उभी राहिली. फ्राऊ हूबर तिथंच खुर्ची ओढून बसल्या. विलासांनी टाळ उचलले आणि उघड्या दारातून आख्यान पुढे सुरू झालं.

सोमवार येऊन गेला. मी बाल्कनीतच आहे.

मित्रांनो, तेल कितीही असलं तरी वात रोजची रोज कातरावी लागते. ओरुंबा ते विसरला, हे घरही विसरलं होतं. तुमच्या माळ्यावर माझा कुणी भाऊबंद असेल, तर अंधार पडायची वाट पाहू नका. आजच त्याची काच पुसा, आणि हो, कातर घ्यायला विसरू नका.