धुऊन विकलेली गाडी

मी एक जुनी करड्या रंगाची मोटार आहे. रीतीप्रमाणे मी तुम्हाला ‘मित्रांनो’ म्हणेन, पण तुमच्याशी माझी मैत्री नाही. तुम्ही माणसं गाडी घेताना डोळे मिटता, चालवताना कान मिटता, आणि आपटलात की तोंड उघडून म्हणता, “गाडीनं दगा दिला.” तेव्हा मित्रांनो, आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार.

मारिकिना गावात लिओनिदा नावाची बाई चामड्याचे जोडे शिवून विकायची. माझी पहिली मालकीण तीच. तिनं मला जपलं. ठरल्या वेळी तेल बदललं, चाकांतली हवा पाहिली, इंजिनातून नवा आवाज आला की त्याच दिवशी मला कारागिराकडे नेलं. ती माझ्याशी कधी गोड बोलली नाही, आणि मला त्याची गरजही वाटली नाही.

मग नदीला पूर आला. अंगणातलं पाणी माझ्या खिडक्यांच्या वर चढलं. गाळ इंजिनात गेला, तारांत गेला, ब्रेकच्या तेलातही पाणी मिसळलं. पाणी ओसरल्यावर लिओनिदा माझ्याभोवती एकदा फिरली आणि भंगारवाल्याला म्हणाली, “ही आता रस्त्यावर नको. तोडूनच टाका. शब्द द्या मला.”

त्यानं शब्द दिला आणि त्याच आठवड्यात मला प्रुदेन्सिओला विकलं.

प्रुदेन्सिओ! पांगासिनानच्या हमरस्त्यालगत त्याचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. दारावर रंगीत पताका, आत आमच्यासारखी मढी. त्यानं मला धुतलं, पुसलं, नव्या गाद्या बसवल्या, रंग चढवला, आत लिंबाच्या वासाची कुपी टांगली. ब्रेकच्या तेलाला मात्र हात लावला नाही. ते गिऱ्हाइकाला दिसत नाही ना!

त्याच्याकडे आन्सेल्मो आला. वरच्या डोंगरात, बेंगेतमध्ये, याचा फुलांचा मळा. गुलाब आणि शेवंती. बरोबर बायको क्रिसांता. आन्सेल्मो माझ्या रंगावर भाळला. क्रिसांता मात्र दार उघडून वाकली आणि पायाखालची चटई उचलू लागली.

“मॅडम, ती चिकटवलेली आहे, फाटेल,” प्रुदेन्सिओ धावत आला.

“फाटू दे. खाली काय आहे ते बघायचंय. आणि एवढा वास कशाला मारलाय, मनोंग? काय झाकताय?” आमच्याकडे परक्या पुरुषालाही मनोंग, म्हणजे दादा, म्हणतात.

“अहो, एका डॉक्टरची गाडी आहे ही. रविवारी चर्चला जाण्यापुरती बाहेर काढायचा.”

“मग डॉक्टरशी बोलू दे. घाटावर चालवूनही बघू दे. आमच्या ओळखीचा कारागीर उद्या येईल, तो खालून तपासेल.”

प्रुदेन्सिओ तिच्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, “मनोंग, घरात गाडी कोण घेतं? तुम्ही की बाईसाहेब? दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळी येतंय. मग माझ्या नावानं बोटं मोडू नका.”

आन्सेल्मोचे कान लाल झाले. “क्रिसांता, उठ तिथून. चारचौघांत लाज काढतेस माझी!”

ती उठली. तो तिथल्या तिथे माझी किल्ली घेऊन मोकळा झाला. मित्रांनो, हीच ती वेळ. विकणारा घाई करू लागला, तपासायला नको म्हणू लागला, की पाठ फिरवून घरी जावं. एवढं साधं काम तुमच्यातल्या किती जणांना जमतं? गाडी हातची जाईल अशी भीती वाटते तुम्हाला. जाऊ द्या ना! आम्ही काय कमी आहोत जगात?

मळ्यावर आन्सेल्मोची आई इग्नासिया होती. मुलगा आणि सून दोघंही तिला नानांग म्हणत. तिचं सुनेशी पटत नसे. सुनेनं केलेला भात तिला कधी गिचका लागे, कधी कच्चा. मला पाहून ती म्हणाली, “गाडी झकास आहे. तुझ्या बायकोनं नाकं मुरडली असतील.”

“मुरडली,” आन्सेल्मो हसला.

माझे दिवे आपोआप विझत, काच अर्ध्यावर अडके. क्रिसांता म्हणे, कारागिराकडे चल. तो म्हणे, शेवंतीचा हंगाम संपू दे. ब्रेक दाबला की पायाला जरा मऊ लागे, हे त्यालाही कळत होतं. त्यानं सोपा उपाय काढला होता. जरा जोरात दाबायचं.

मग खाली बाउआंगला त्याच्या चुलतभावाचं लग्न निघालं. सकाळी मागच्या जागेत फुलांच्या टोपल्या भरल्या आणि त्यांच्या शेजारी नानांग बसली. क्रिसांतानं तिच्या अंगावरून पट्टा ओढला.

“मी काय बाजाराला चाललेली शेळी आहे? सोड मला!”

“शेळी गप्प तरी बसते, नानांग. हात वर करा.”

“आन्सेल्मो, बघ, ही मला बांधतेय!”

“बसू दे ना तिला मोकळी,” आन्सेल्मो म्हणाला. स्वतःचा पट्टा त्यानं पाठीमागून घेऊन अडकवला होता. पट्टा लावला नाही तर मी पीं-पीं करते. माझं तोंड बंद करायची ही त्याची युक्ती. क्रिसांतानं सासूचा पट्टा मात्र खटकन लावला आणि पुढे बसून स्वतःचाही लावला.

नागिलियनचा घाट लांबलचक उताराचा आहे. उतार लागताच त्यानं मला गिअरमधून काढलं. पेट्रोल वाचतं म्हणे! उतरणीला गाडी खालच्या गिअरमध्ये असली की इंजिनच तिला आवरून धरतं. ते सोडून हा पठ्ठ्या सगळा भार ब्रेकवर टाकून निघाला. वळण आलं, ब्रेक. ट्रक आला, ब्रेक. माझी चाकं तापली. जळका वास सुटला.

“थांबव जरा. वास येतोय,” क्रिसांता म्हणाली.

“पुढच्या ट्रकचा आहे.”

ब्रेकच्या तेलातलं पुराचं पाणी उकळलं, त्याची वाफ झाली. त्यानं ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाशी गेला. पुन्हा दाबला. काही नाही.

मी धावत होते, मित्रांनो. थांबण्यासाठी माझ्याकडे काहीच उरलं नव्हतं. आमच्याकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या कडेनं चालतात. उजवीकडे डोंगर होता, डावीकडे दरी. समोरून जीपनी, म्हणजे उतारूंनी भरलेली लांब जीप, कर्कश भोंगा वाजवत चढत होती.

“गिअर टाक!” क्रिसांता ओरडली. “तिसरा! मग दुसरा! आन्सेल्मो, ऐकतोस ना!”

तो गोठला होता. तिनं त्याच्या हातावर फटका मारला. मग त्यानं दांडा ढकलला. माझ्या पोटात दात दातांवर घासले, इंजिन किंचाळलं, वेग थोडा मोडला. क्रिसांता हातब्रेक हळूहळू वर घेत होती. “आता उजवीकडे! डोंगराला घास!”

जीपनी बाजूनं निसटून गेली. माझी कूस खडकावर खरवडत गेली आणि मी गटारात तोंडावर आपटले.

आन्सेल्मोचे पुढचे दात माझ्या स्टिअरिंगच्या चक्रावर राहिले, दोन बरगड्याही मोडल्या. बायका दोघी पट्ट्यात होत्या, जिवंत आणि धड. नानांगच्या खांद्यावर काळानिळा वळ उठला होता. ती शेवंतीच्या ढिगातून सुनेला शिव्या देत बाहेर आली. “बघ, काय आवळलंस मेले! हात वर होत नाही माझा!”

इस्पितळात आन्सेल्मो बोबड्या तोंडानं म्हणाला, “गाडीनं दगा दिला.”

मला ओढत मळ्यावर आणलं. क्रिसांतानं माझी चटई फाडली. खाली वाळलेला गाळ होता. तो तिनं मूठभर घेतला आणि इस्पितळात जाऊन नवऱ्याच्या पांघरुणावर ठेवला.

पुढे एके दुपारी प्रुदेन्सिओ ट्रक घेऊन मळ्यावर आला. गोड हसत म्हणाला, “मनोंग, झालं ते झालं. गाडी मी परत घेतो. पैसे मोजून देतो. तुम्ही कुठे बोभाटा करू नका.”

आन्सेल्मो लगेच उठला.

“परत नेऊन काय करणार?” क्रिसांतानं विचारलं.

“ते तुम्हाला काय करायचंय, मॅडम?”

“म्हणजे धुऊन दुसऱ्याच्या गळ्यात मारणार.”

“क्रिसांता, पैसे मिळतायत,” आन्सेल्मो म्हणाला. “आपल्याला काय?”

ती काही बोलायच्या आत मागून नानांग आली. तिच्या हातात बांधाचे दगड फोडायचा घण होता. दुखऱ्या खांद्यानं तिला तो धड उचलवत नव्हता, तरी तिनं उचलला आणि माझ्या उघड्या इंजिनावर घातला. मग धापा टाकत तो सुनेपुढे धरला.

“बघतेस काय? मला बांधायला जोर होता ना अंगात? मार आता.”

क्रिसांतानं घण घेतला. पहिले घाव वरवरचे बसले, मग नेमके बसू लागले. इंजिनाला तडा गेला, स्टिअरिंगचा दांडा वाकला. प्रुदेन्सिओ ओरडत होता. नानांग त्याला ट्रकपर्यंत शिव्या घालत गेली. आन्सेल्मो दारात उभा होता. शेवटी तो बरगड्या सांभाळत आला आणि त्यानं बायकोला आडवं येणारं माझं बॉनेट वर धरून ठेवलं.

दुखलं मला. पण लिओनिदानंतर इतकं सरळ कोणी वागलं नव्हतं माझ्याशी.

मित्रांनो, माझी कीव करू नका. गाडी उजेडात बघा, थंड असताना सुरू करून बघा, चटईखाली हात घाला, आपला कारागीर सोबत न्या. उतारावर खालचा गिअर आणि अंगावर पट्टा. यातलं काही करणार नसाल तर बसनं जा आणि आम्हाला सोडा.

मला आता कोणी विकू शकत नाही. त्या पताकांच्या आवारात बाकीच्या मात्र अजून धुतल्या जात आहेत.