बाजा कोणाचा

मी परशुराम. खाडीच्या काठी एस.टी. थांबते, तिथलं चहाचं हॉटेल माझं. लोक अजून विचारतात, परशा, तुझ्या हॉटेलातला बाजा गेला कुठे? विचारणाऱ्याला सगळं ठाऊक असतं, पण माझ्या तोंडून ऐकायची हौस असते मेल्यांना. तर एकदाच सांगतो. पुन्हा विचारलंत तर चहात साखर घालणार नाही.

बाजा म्हणजे चावीचा फोनो. माझा नव्हे, बायकोच्या माहेरचा. आनंदीचे वडील बोटीवर खानसामा होते. ते गेले तेव्हा फोनो आणि अकरा रेकॉर्डी तिच्या वाट्याला आल्या. दुपारी भांडीकुंडी आटोपली की ती माजघरात एक रेकॉर्ड लावायची आणि तांदूळ निवडत बसायची. तांदळात खडे राहायचे, पण त्या वेळी तिला बोलायची माझी छाती नव्हती.

मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. हा बाजा हॉटेलात ठेवला तर? आनंदी आठ दिवस नाही म्हणाली. नवव्या दिवशी तिने एक अट घातली. बाजा हॉटेलात, पण चावी फिरवायचा दांडा तिच्या फडताळात. चार वाजता ती मागच्या दाराने दांडा आणून देणार आणि दिवेलागणीला परत नेणार. मी कबूल झालो. धंदेवाला माणूस, फुकटात मिळतंय तर कबूल व्हायला काय जातं?

चार वाजले की बाकं भरायची. समोर भिकाजीचं हॉटेल, तिथे माश्या चहा प्यायला लागल्या. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! पण आनंद पुरा भोगायचा तर माणूस शहाणा हवा. काही लोक चहा न घेता नुसतेच गाणं ऐकत बसायचे, त्यांनी माझं डोकं फिरवलं. मी फळी रंगवली आणि दारावर ठोकली: ‘चहा घेतल्याशिवाय गाणे ऐकू नये.’ हौसाबाई मासे विकून रिकामी टोपली घेऊन आंब्याखाली घटकाभर उभी राहायची. तिलाही मी फळी दाखवली. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून वाचूनही दाखवली. त्याचं आज वाईट वाटतं. त्या दिवशी वाटलं नव्हतं.

एकोणीसशे एकोणसाठ सालच्या मार्गशीर्षात दुपारच्या एस.टी.तून एक गृहस्थ उतरले. कोट, छत्री, चामडी पिशवी. मुंबईच्या कुठल्याशा रेकॉर्ड कंपनीचे. कंपनीला पत्र कोणी घातलं ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही, पण त्या दिवशी भिकाजी सकाळपासून दाढी करून बसला होता.

कागदाचं काम आलं की आमची जीभ आपोआप पुणेरी होते. मी या-बसा केलं, चहा दिला. ते म्हणाले, हॉटेलात रेकॉर्ड वाजवायची तर परवाना लागतो, वर्षाचे तीस रुपये. बाजा त्या वेळी मुका होता, दांडा घरी होता. तेव्हा मी म्हटलं, कोण म्हणतं मी वाजवतो? त्यांनी छत्रीचं टोक दारावरच्या फळीकडे केलं. माझ्याच हातचं अक्षर! फळी तिथल्या तिथे फोडून चुलीत घालावीशी वाटली.

पण मी हार जाणारा नव्हे. मी विचारलं, गाबतीण बांगडे विकते, ती नंतर घरी येऊन विचारते का, आमटी कोणी कोणी खाल्ली? ते शांतपणे म्हणाले, आमटी खाल्ली की संपते. गाणं संपत नाही, तुम्ही ते रोज नव्याने विकता. ज्याने रचलं, ज्याने गायलं, त्याचा त्यात वाटा नको? चहा न घेता ऐकणाऱ्यावर तुम्ही फळी ठोकलीत, आमची कंपनीही तेवढंच करते आहे.

तीस रुपये तेव्हा म्हणजे काय थट्टा नव्हती. तोवर दारात चारपाच टाळकी जमली होती, त्यांत भिकाजी पुढे. मला घाम फुटला, आणि घामाबरोबर अक्कलही वाहून गेली. आमच्याकडे आंबा देवाचा, मळा देवाचा, त्याला कोणी हात लावत नाही. तेच तोंडातून निघालं.

“साहेब, बाजा माझा नाहीच. देवाचा आहे. रवळनाथाचा. मी फक्त सांभाळतो.”

मला वाटलं, मुंबईचा कोटवाला, देवापुढे काय बोलणार? त्याने पिशवी मिटली, चपला काढून हातात घेतल्या आणि अस्सल मालवणीत म्हणाला, “मगे चला देवळात. कौल लावया.”

खोटं अंगाशी आलं. पण लोकांसमोर मागे कसा फिरणार? निघाली वरात देवळाकडे.

कौल म्हणजे सरळ काम. शिवा गुरव देवाच्या पाषाणावर डावीउजवीकडे ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. शिवा रोज सकाळी माझ्याकडे चहा पितो आणि त्याचे पैसे द्यायला विसरतो. मी त्याला डोळ्याने खुणावलं, उजवी जरा सैल लाव. शिवाला खुणा बऱ्या समजतात.

गाऱ्हाणं मात्र पाहुण्याने स्वतः घातलं, आणि काय घातलं! शिवा तोंड उघडं टाकून बघत राहिला.

“बा देवा रवळनाथा, ह्यो परशुराम सांगता, बाजो तुझो आसा. तसा आसात तर उजवी दी. माणसाचो आसात तर डावी दी म्हाराजा!”

सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!”

उजवी कळी टपकन पडली. मी मनात शिवाला महिनाभर फुकट चहा जाहीर करून टाकला. पाहुण्याने देवाला हात जोडले, वहीत लिहिलं आणि सांगितलं की देवाकडून कंपनी पैसे घेत नाही. तीस रुपये वाचले! मी हसत मागे वळलो, तर भिकाजी माझ्यापेक्षा जास्त हसत होता.

“देवाची वस्तू ती. चहाच्या वाफेत कित्याक ठेवतत?” तो म्हणाला.

करायला गेलो गणपती, झाला मारुती. लोकांनी मान डोलवली. देवानेच सांगितलं, आता कोणाची हिंमत आहे? अर्ध्या तासात चौघांनी बाजा आणि अकराच्या अकरा रेकॉर्डी उचलून देवळाच्या सभामंडपात नेऊन ठेवल्या. कौल तर मीच आणलेला.

पाहुण्यांना एस.टी.पर्यंत पोचवायला गेलो. त्यांचे वडील कुडाळाकडच्या एका देवळात गुरव, असं तेव्हा कळलं. शिवाने उजवी सैल लावलेली त्यांनी पाहिली होती. मग माझा बांध फुटला, खरं काय ते सांगून टाकलं. ते बराच वेळ हसले, मग हसायचे थांबले. म्हणाले, बायको घरात गाणं ऐकते त्याचा कंपनीला एक पैसा नको. बाजा तिचा आहे, आजच घरी नेतो, एवढं म्हणाला असतात तर मी आल्या पावली परत गेलो असतो.

घरी गेलो तो आनंदीला सगळं कळलं होतं. गावात वारा नंतर पोचतो. वाटलं, आता भांडी उडणार. एकही उडालं नाही. ती सुपात तांदूळ घेऊन बसली होती, आणि माजघर इतकं गप्प होतं की मला तिथे उभं राहवेना.

“तुमका देव आठावलो,” ती म्हणाली. “माझा नाव नाय आठावला?”

नव्हतं आठवलं. वर्षभर तिचा बाजा वाजवला, गल्ला मोजला, आणि मालक सांगायची वेळ आली तेव्हा गावातला देव आठवला, घरातली बायको आठवली नाही. मला माझीच लाज वाटली. अजून वाटते.

तेवढ्यात शिवा आला, दांडा मागायला. बाजा देवाकडे पोचला होता, पण फिरवणार कशाने? आनंदी उठली. दांडा तिने फडताळातून काढला, पदराखाली घेतला आणि शिवाला बजावलं की बाजा दिला तो दिला, दांडा कोणी दिलेला नाही. तो तिच्याबरोबर येईल आणि तिच्याबरोबर जाईल.

दुसऱ्या दिवशी चार वाजता माझी बाकं रिकामी. समोर भिकाजीचीही रिकामी, तेवढंच समाधान. देवळाकडून गाणं ऐकू येत होतं. थोडा वेळ मी किटलीशी चाळा करत बसलो, मग चूल विझवली, दारावरची फळी उपटली आणि गेलो.

सभामंडप गच्च भरला होता. पुढे हौसाबाई, टोपली मांडीवर घेऊन. आनंदी बाजाशेजारी बसून दांडा फिरवत होती, डोळे मिटलेले. मी खांबाला टेकून मागे उभा राहिलो. रेकॉर्ड संपली तशी भिकाजीची जीभ वळवळली. त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, परशुराम, बाजो नेमको कोणाचो रे?

सगळ्या माना वळल्या. शिवा कळ्यांच्या ताटाकडे बघायला लागला.

“आनंदीचो,” मी म्हटलं.

ती दुसरी रेकॉर्ड पुसत होती. मान वर न करता म्हणाली, “जरा मोठ्यान सांगा. देवाक आयकाक येवक व्हया.”

मी घसा साफ केला, गाभाऱ्याकडे तोंड केलं आणि अख्ख्या गावासमोर ओरडून सांगितलं, की बा देवा, बाजो आनंदीचो आसा, मी खोटा बोल्लंय.

शिवाने सवयीने हात जोडले, आणि त्याच्या मागोमाग सगळा मंडप एका सुरात म्हणाला, “व्हय म्हाराजा!”