तळ्याकाठचे अकरा

टक्.

घरात दुपारची सामसूम होती. सासूबाई आतल्या खोलीत जरा आडव्या झाल्या होत्या, नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायला गेला होता, आणि तिनं आत्ता कुठे कात्री हातात घेतली होती. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टक्, आणि मागोमाग फरशीवर काहीतरी सरकल्याची सरसर.

गाठोडं जागं झालं होतं.

साडेतीन वर्षांचं ते पोर अजून पायांवर उभं राहत नव्हतं. एका हातानं जमीन मागे लोटायची आणि बसल्या बसल्याच पुढे सरकायचं, ही त्याची चाल. प्रत्येक हिसक्याला पायातल्या आधाराच्या पट्ट्याचं बक्कल फरशीवर वाजायचं. कुठेही न्यायचं तर कडेवर, म्हणून बापानं लाडानं गाठोडं नाव ठेवलं. तेव्हा ते वर्षाचं होतं आणि सगळे पोट धरून हसले होते. आता हसत कोणी नसे, पण चिकटलेलं नाव काही सुटलं नाही.

"आलात का साहेब?" ती म्हणाली. "या. आपल्याला तळं कापायचंय."

गाठोड्यानं टेबलाच्या पायाला मिठी मारून वर बघितलं. तिनं त्याला निळ्या कागदाची एक कातरण दिली. ती थेट तोंडात गेली.

उद्या रविवार. चर्चमागच्या खोलीत लहान मुलांचा वर्ग ती घ्यायची. पाळकबाईंचे गुडघे धरले तेव्हापासून तो तिच्या गळ्यात पडला होता. वर्षभराचे पाठ ठरलेले होते, देव कसा आहे यावरचे. देव शोधतो, देव क्षमा करतो, देव वाट पाहतो. नुसतं सांगत बसलं की मुलं जांभया देतात हे तिला पहिल्याच रविवारी कळलं, म्हणून तिनं स्वतःची एक रीत काढली. गोष्टीतली माणसं पुठ्ठ्याची कापायची, आठवडाभर आधी एकेका मुलाला एकेक द्यायचं, त्यांनी ते घरून रंगवून आणायचं आणि गोष्ट चालू असताना आपापल्या हातानं फळ्यावर चिकटवायचं. उधळ्या मुलाच्या गोष्टीत तो शेवटी डुकरं राखतो, म्हणून अकरा जणांनी अकरा डुकरं रंगवली होती. त्यातलं एक जांभळं होतं. ते बघायला पाळकसाहेब उपदेश आटोपून मुद्दाम आले होते.

या वेळचा पाठ, देव कनवाळू आहे. गोष्ट तळ्याकाठची. पाच पडव्यांचं तळं, काठावर आजाऱ्यांची ही गर्दी, त्यात अडतीस वर्षं खितपत पडलेला एक माणूस. येशू येतो आणि त्याला बरं करतो. सोपी गोष्ट. मागच्या रविवारी तिनं अकरा आजारी कापून अकरा मुलांना वाटले होते.

"आई, माझा झाला. बघ ना." मुलगी पुठ्ठा हवेत हलवत, रंग वाळवत आली. सात वर्षांची, गाठोड्याची ताई म्हणून सगळ्या घराचीच ताई.

पुठ्ठ्यावरच्या आजाऱ्याला लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा स्वेटर होता. पायांना तपकिरी पट्टे, आणि त्या पट्ट्यांवर चॉकलेटच्या चंदेरी कागदाची इवलीशी बक्कलं चिकटवलेली.

"ओळख, कोण?"

ओळखायचं काय त्यात. तो स्वेटर आत्ता टेबलाखाली निळा कागद चघळत बसला होता.

"उद्या येशू ह्याला उठवणार," ताई म्हणाली. "मी ह्याला सांगून ठेवलंय. हो की नाही रे?"

"हो," टेबलाखालून आवाज आला. तोंडात कागद होता, तरी ठाम.

तिच्या हातातली कात्री उघडीच राहिली. अकरा आजारी वाटले होते. उठणार होता एक. ही गोष्ट तिनं लहानपणापासून शंभर वेळा वाचली असेल, पण वाटताना हे एकदाही डोक्यात आलं नव्हतं. डुकरांच्या वेळी बरं होतं. डुकरांना काही व्हायचंच नव्हतं.

महिन्यापूर्वी मोठ्या डॉक्टरांनी गाठोड्याकडे कमी आणि फाइलकडे जास्त बघत सांगितलं होतं, "चालेल अशी आशा धरून बसू नका. बसून काय काय करता येईल, ते शिकवा." ताईला हे अजून कोणी सांगितलं नव्हतं. रोज उद्या सांगू म्हणत तिघंही मोठी माणसं मूग गिळून बसली होती.

संध्याकाळी चहाला तिनं विषय काढला. ताई गाठोड्याला घेऊन गॅलरीत होती.

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. "सगळ्यांना उठव. अकराच्या अकरा. कोण मोजायला येतंय?"

"पुस्तकात एकच उठतो."

"मग ताईचा उठव. वर्ग तुझा, पुठ्ठा तुझा."

"आणि सोमवारी? सोमवारी ती ह्याचे पट्टे सोडून म्हणेल, चल. मग काय करायचं?"

नवऱ्यानं बिस्किट चहात बुडवलं आणि ते कपातच विरघळून गेलं तरी त्याला कळलं नाही.

"गोष्ट सांगायची होती की निवडणूक घ्यायची होती?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या बाई पुस्तक वाचायच्या आणि छडी आपटायच्या. झाला पाठ. हे पुठ्ठे नि गोंद नि कौतुकं कुठे होती?"

"आई, तुम्ही तरी सुचवा काहीतरी."

"सुचवते की. दुसरी गोष्ट सांग. वादळ शांत केलं ती सांग. त्यात होडीतले सगळे वाचतात."

पण अकरा घरांत अकरा आजारी रंगवून तयार होते. त्यांना होडीत कसं बसवणार? तिनं पाळकबाईंना फोन लावला.

"चिठ्ठ्या टाक गं," पाळकबाई म्हणाल्या. "प्रेषितांनीसुद्धा टाकल्या होत्या. शास्त्रातलंच आहे." आणि स्वतःच खळखळून हसल्या. मग हसू आवरून त्यांनी विचारलं, "गाठोडं कसं आहे?"

"बरं आहे," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार!

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं झालं. शेवटी भांडी विसळताना तिला सुचलं. बारावा कापायचा. दाढीवाला, म्हातारा, कोणाचाच नसलेला. तो उठेल. कोणाला डावं नाही, कोणाला उजवं नाही. गोष्टही खरी राहील. तिनं ओल्या हातानंच पुठ्ठा घेतला आणि पाच मिनिटांत त्याला दाढी काढली. तेवढ्यापुरतं तिला हायसं वाटलं. सकाळी ताईची वेणी घालताना हे तिला आधीच सांगून टाकायचं, असंही ठरवलं.

सकाळी ताई आरशासमोर गाणं म्हणत बसली होती. मांडीवर तो स्वेटरवाला पुठ्ठा, रुमालात गुंडाळलेला. आईनं पेड घातले, रिबीन बांधली, ती सोडली, पुन्हा बांधली.

"घट्ट झाली का?"

"नाही."

"ताई, ऐक ना..."

"आई, उशीर होईल," ताई म्हणाली, आणि खरंच उशीर झाला होता.

खोलीत अकरा खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या. मागे भिंतीशी सासूबाई गाठोड्याला मांडीवर घेऊन बसल्या. फळ्यावर निळं तळं लागलं आणि मुलांची झुंबड उडाली.

"ह्याला काय झालंय रे?" तिनं चष्मेवाल्या मुलाला विचारलं.

"गोवर."

"हिरवा?"

"खूपच झालाय, बाई."

एकीनं आपल्या आजाऱ्याला उशी आणली होती, कापसाची, खरी. जुळ्या भावांनी आपले दोघं एकाच चादरीखाली झोपवले. ताईनं आपला अगदी पाण्याच्या कडेला लावला, येशूला लांब जायला नको म्हणून. दाढीवाल्याला आईनं स्वतः कोपऱ्यात चिकटवलं. त्याच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

तिनं गोष्ट सांगायला घेतली. आवाज चांगला लागला होता. पुठ्ठ्याचा येशू पडवीतून आत आला तेव्हा मुलं खुर्च्यांच्या कडेवर सरकली.

"आणि त्यानं काय केलं, माहितीय? आल्या आल्या बरं नाही केलं. आधी विचारलं. म्हणाला, तुला बरं व्हायचंय का? बघा, देवाचा स्वभाव कसा आहे! तो कोणावर जबरदस्ती करत नाही. आधी विचारतो."

बोलताना येशू तिच्या बोटांत सरकत होता, तळ्याच्या काठाकाठानं. कोपऱ्यापर्यंत जायचं तर सगळ्यांसमोरून जावं लागत होतं. हे काल भांडी विसळताना तिच्या लक्षात आलं नव्हतं. हिरवा गोवर मागे पडला. कापसाची उशी मागे पडली. जुळे मागे पडले. प्रत्येक वेळी एकेक खुर्ची करकरत होती. लाल-पांढऱ्या स्वेटरपाशी तिचा हात आपोआप मंदावला. ताईनं श्वास धरून ठेवला होता.

हात पुढे गेला.

"ऊठ!" ती कोपऱ्यातल्या दाढीवाल्याला म्हणाली. "आपलं अंथरूण उचल आणि चालायला लाग!"

टक्.

मागे, आजीच्या मांडीवर, बक्कलावर बक्कल आपटलं होतं आणि गाठोड्यानं दोन्ही हात वर केले होते. व्यायामाच्या बाई रोज असंच म्हणायच्या, ऊठ बघू, आणि मग कोणीतरी त्याला काखेत धरून वर घ्यायचं. हात तसेच वर धरून, हसत, ते वाट बघत राहिलं. सासूबाईंनी त्याचे हात हळूच खाली घेतले. त्यानं ते पुन्हा वर केले.

"तो कोणाचा होता?" जुळ्यांपैकी एकानं विचारलं.

"कोणाचाच नाही."

"मग त्यालाच कशाला?"

"माझा केव्हापासून आजारी आहे," चष्मेवाला म्हणाला.

"देव सगळ्यांवर प्रेम करतो," ती म्हणाली. हे वाक्य ती दर रविवारी म्हणायची. आज ते तोंडातून बाहेर पडलं आणि खोलीत कुठेच टेकलं नाही. अकरा मुलं आपापल्या आजाऱ्याकडे बघत होती. कालपर्यंत ते रंगवलेले पुठ्ठे होते; आता ते खरोखरच मागे राहिलेले होते, आणि तिनंच त्यांना एका ओळीत तिथे मांडलं होतं. तिच्या एका हातात येशू होता, दुसऱ्याला गोंद लागला होता.

ताई उठली. रडली नाही, काही नाही. फळ्यापाशी गेली. एका बक्कलाचा चंदेरी कागद सुटून लोंबत होता, तो तिनं अंगठ्यानं दाबून नीट बसवला, आणि बसेपर्यंत दाबून धरला. मग वळली.

वर्गात बाई म्हणायचं, आई म्हणायचं नाही, असं दोघींचं ठरलेलं होतं, आणि ताईनं ते आजवर एकदाही मोडलं नव्हतं.

"आई," ती म्हणाली, "ह्याला त्यानं विचारलं तरी का गं?"