करंगळीच्या बाजूचं हाड

दोन शेतांमधल्या धुऱ्यावरच्या मारामारीनंतर शेषेरावच्या बाजूला एक नडगी मोडलेली होती, दोन दात पडलेले होते आणि कानाचा तुकडा गेलेला होता. रामलिंगकाकांच्या बाजूला सात ओरखडे आणि पाठीवर एक वळ. मोडलेलं हाड एकही नव्हतं.

अडचण तीच होती. हाड मोडलं की मारणाऱ्यावर कलम जड लागतं. दोन्हीकडं मोडलेलं असलं, तर केस समोरासमोर ठेवून मिटवता येते.

“आपल्यातबी एकाचं मोडायला पायजे,” काका म्हणाले. “माझं म्हाताऱ्याचं जुळायचं न्हाई. शिवमचं जुळतंय.”

“काका, मला पोलीस भरतीला जायचंय,” पुतण्या शिवम म्हणाला.

“गोळा उजव्यानं फेकतोस न्हवं? डावा काय पुजेला ठेवलाय?”

शिवमची बहीण वर्षाराणी नांदेडला बीएस्सी झालेली. ती मधे पडली. “हाड म्हंजे वाळलं लाकूड न्हाई, काका. जितं असतंय. आत रक्त फिरतंय, जुनं मोडून नवं बांधून राहिलंय रोज.”

“म्हणूनच जुळतंय की. कोणतं मोडू तेवढं सांग. न्हाईतर मी माझ्या मनानं हाणतो.”

कुदळीचा दांडा त्यांनी आधीच काढला होता.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं. करंगळीकडचं एकटं मोडलं, तर अंगठ्याकडचं त्याला बांबूच्या कामटीसारखं धरून ठेवतं. वर्षाराणीनं भावाच्या हातावर करंगळीच्या बाजूनं पेनानं रेघ मारली.

“इथं. हळू. एकदाच.”

शिवमनं हात दोन विटांवर ठेवला, तोंडात उपरणं धरलं. दांडा खाली आला तसा हात आपोआप वळला. घाव मनगटावर बसला. शिवम गुरासारखा ओरडला.

“मोडलं न्हाई,” काका म्हणाले.

“बास करा!” वर्षाराणीनं दांडा धरला. काकांनी तिच्या छातीत कोपर मारलं, शिवमचा पंजा पायाखाली दाबला आणि दोन्ही हातांनी हाणलं.

कातडी फाडून हाडाचं टोक वर आलं. ते पांढरं नव्हतं. ओलं, गुलाबी होतं आणि त्यातून रक्त येत होतं.

पाच महिन्यांनी नांदेडच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. दोन्ही हाडं मोडली होती, दोन्ही जुळली होती. जुळताना दोन्हींच्या मधेही नवं हाड वाढून ती एकमेकांना चिकटली होती. डॉक्टरांनी शिवमला कोपर अंगाशी धरून तळहात वरच्या बाजूला फिरवायला सांगितलं आणि कोनमापक लावला.

उजवा हात पंच्याऐंशी अंश. डावा शून्य.