न धुतलेलं मीठ

चांगुणा बेलापूरजवळच्या वस्तीवर नांदायला येऊन दीड वर्ष झालं होतं, आणि तेवढ्यात तिच्या आळसाची यादी सासूला, म्हणजे कडूबाईला, तोंडपाठ झाली होती. कडूबाईच्या घरात चूल सोडली तर सगळं धुऊन निघे. खडेमीठसुद्धा. बाजारच्या मिठात माती येते, म्हणून वस्तीवरच्या बायका ते पाण्यातून चटकन काढत, फडक्यावर वाळवत आणि कुणाचं जास्त पांढरं यावरून वर्षभर भांडत.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात दवाखान्यातल्या नर्स सुनीतीबाईंनी घरटी एक पिशवी मीठ वाटलं. त्यात म्हणे गळ्याला गाठ येऊ नये म्हणून औषध घातलं होतं. कडूबाईनं पिशवी सुनेपुढं आदळली.

"हे धुऊन, वाळवून बरनीत भर. तवाच भावाच्या लग्नाला माहेरी खर्ड्याला जायचं. न्हाई तर न्हाई."

मच्छिंद्र, लग्न ठरलेला तिचा हाच भाऊ, आठ दिवसांनी न्यायला येणार होता. चांगुणानं मीठ सरळ बरणीत ओतलं आणि फडकं तेवढं ओलं करून दोरीवर टाकलं.

सातव्या दिवशी सुनीतीबाई एक बाटली घेऊन आल्या. घरोघर चिमूटभर मिठावर एकेक थेंब टाकत चालल्या. मागून सगळी वस्ती. झुंबरबाईचं मीठ पांढरंच राहिलं. राहीबाईचंही. ही स्वच्छतेची परीक्षा आहे, असं बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यामुळं दर घरागणिक त्यांच्या माना वर चढत होत्या, आणि नर्सबाईंचा चेहरा उतरत होता.

"टाका बाई, बिनघोर टाका," कडूबाई म्हणाली. "दूध हाय दूध!"

थेंब पडला. मीठ निळंजांभळं झालं.

"आगं बया!" राहीबाईनं तोंडाला पदर लावला. "कडूबाई, बरनीत वांगं ठेचलं का काय?"

"चांगुणे, धुतलंस का न्हाई?" कडूबाई सुनेवर कडाडली.

खर्ड्याची एसटी आपल्याला न घेताच सुटली, असं चांगुणाला दिसलंच. खोटं बोलावं, तर समोर निळं मीठ. "न्हाई, आत्याबाई."

सुनीतीबाईंनी तिला मिठीच मारली. "शाब्बास! निळं झालं म्हणजे औषध शाबूत. बाकी सगळ्यांनी धुऊन मोरीत घातलंत! धुऊ नका, एवढं सांगायचं माझ्याकडूनच राहिलं. हे एकच घर शहाणं निघालं. कुणाची ही अक्कल?"

कडूबाईचा राग जागच्या जागी वळला. "कुनाची म्हंजी? मीच म्हनलं हुतं, सरकारी मिठाला पानी लावू नगं."

साऱ्या बायका चांगुणाकडं बघू लागल्या.

"व्हय, आत्याबाईच म्हनल्या," चांगुणा म्हणाली. मग पदर सावरत, "अन् खर्ड्याला पंधरा दिस ऱ्हा, असंबी म्हनल्या."

"आठ म्हनलं हुतं!"

"पंधरा, आत्याबाई. इसरलात जनू. मिठाचं बोललात, त्याच टायमाला."

राहीबाईनं कान टवकारले. कडूबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा नर्सबाईंकडं.

"पंधरा," ती म्हणाली. "जा, लुगडी भर पिशवीत."