बाळाचार्यांचं जेवण

बाळाचार्य हा पक्षी होता हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर धारवाडातले खरे आचार्य रागवायचे. तो एमू होता. माणसाएवढा उंच, पंख नावापुरते, आणि चालायचा असा की पंगतीला निघालाय आणि उशीर झालाच तर तो यजमानाला. म्हणून सुधींद्र सरांनी त्याला ते नाव ठेवलं. मध्यंतरी एमू पाळायची लाट आली होती. ती ओसरली तशी लोकांनी पक्षी रस्त्यावर सोडून दिले, त्यातलंच हे एक पिल्लू सरांना कलघटगीच्या रस्त्याला मिळालं.

सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाबाहेरच्या दोन एकरांत असली टाकून दिलेली जनावरं सांभाळली. कुणाला नकोसा झालेला इग्वाना सरडा, स्वतःचीच पिसं उपटणारा मकाव पोपट, एक परदेशी अजगर. शाळांच्या बस यायच्या, सर पोरांना समजावून सांगायचे. अळणावरकडच्या खेड्यातून चंद्रभागा तिथे झाडलोटीला म्हणून आली आणि महिन्याभरात सगळ्या खुराड्यांची मालकीण झाली. त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

"अक्का, तो तुम्हाला ओळखतो?" देशपांडे नगरातली पोरं विचारायची.

"न वळखून जातोय कुठं? माझ्या हाताबिगर घास घेत न्हाई त्यो."

आणि यात काही थाप नव्हती. नवख्या माणसाच्या अंगावर काही चमकलं की बाळाचार्य टोचायचे. घड्याळ, गुंडी, बांगडी, काही सोडायचे नाहीत. चंद्रभागेच्या हातात डझनभर बांगड्या, पण तिला कधी चोच लागली नव्हती. रूपाच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या लग्नाला ती आठ दिवस गावी गेली होती. परत आली तेव्हा सर म्हणाले, "आठ दिवस नुसत्या पाण्यावर होता गं. तुझी वाट बघत होता." ही गोष्ट तिने इतक्यांदा सांगितली की जावयाला पाठ झाली होती. नवरा, गोपाळ, म्हणायचा, मी आठ दिवस उपाशी राहिलो असतो तर हिला पत्ता लागला नसता. ते मात्र खरं होतं.

सरांनी आता अठ्ठ्याहत्तरी गाठली, गुडघे गेले. मुलगी सावनी त्यांना पुण्याला न्यायला निघाली आणि जागा विकायची ठरली. महिन्याभरात एकेक जनावर रवाना झालं. चंद्रभागेने स्वतः खोकी बांधली, हवेला भोकं पाडली, आत गोणपाट अंथरलं. आपण रडणार असं तिला वाटत होतं. पण दाढ काढताना डॉक्टर सुई देतात आणि ओठ आपला असून आपला राहत नाही, तसं तिचं सगळं अंग झालं होतं. जेवायची, झोपायची, गोपाळने विचारलं की "काय न्हाई" म्हणायची.

शेवटी राहिले बाळाचार्य. म्हैसूरपलीकडच्या एका मोठ्या प्राणी-केंद्रातून महेश नावाचे जनावरांचे डॉक्टर गाडी घेऊन आले. त्यांची एकच अट होती.

"आमच्या हातून दोन वेळा खाल्लं तरच नेणार, सर. मागं असाच एक नेला. तिथं त्यानं चोच उघडली नाही. बाराव्या दिवशी गेला बघा."

गाडी तीन दिवस थांबणार होती. नाहीच खाल्लं तर पुढे काय, हे कुणी बोलत नव्हतं. पण हुबळीच्या एका खाणावळवाल्याने दोनदा फोन करून पक्ष्याचं वजन विचारलं होतं.

पहिल्या दिवशी महेशनी पपई आणि चिरलेला पालक घातलेलं पातेलं पुढे धरलं. बाळाचार्यांनी त्यांच्या घड्याळाची काच फोडली आणि कुंपणाच्या टोकाला जाऊन पाठ करून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी घड्याळ नव्हतं, पण पाठ तीच होती. चंद्रभागेला लांब उभं राहायला सांगितलं होतं, ती लांब उभी होती. खाल्लं तर जगेल. नाही खाल्लं तर आपलाच. यातलं आपल्याला काय हवंय हे तिने स्वतःला विचारून पाहिलं. दोन्ही हवं होतं, आणि त्याची लाजसुद्धा वाटत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी सर काठी टेकत बाहेर आले. दोरीवर तिचं दुसरं इरकल लुगडं वाळत होतं. हिरवं, लाल पदराचं. शेणमाती दिसत नाही म्हणून कामाला ती हेच नेसायची. विरलं की सुभाष रोडवरून तसंच दुसरं आणायची, दुकानदार विचारतही नसे.

"चंद्रभागा, हे घेतो गं," म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी ते महेशच्या पँटवरूनच नेसवायला घेतलं. निऱ्या घातल्या, पदर डोक्यावरून घेतला आणि त्याचं टोक डाव्या कमरेला खोचलं. चंद्रभागा खोचते तिथेच. ज्यांना स्वतःचं धोतर नीट सावरत नव्हतं, त्यांचे हात एकदाही अडले नाहीत. ती त्या हातांकडे बघत राहिली.

महेश आत गेले. बाळाचार्य वळले, तीन ढांगांत आले आणि पातेलं संपवून तळाशी चोच आपटू लागले.

"सर," ती म्हणाली, "रूपाच्या लग्नात..."

"खात होता," सर खाली बघत म्हणाले. "दोन्ही वेळा. माझ्या हातून."

"मग मला तसं का सांगिटलासा?"

"आल्या आल्या पिशवी टाकून आधी त्याच्याकडे धावलीस. साडीचं सांगवेना गं."

तिला राग यायला हवा होता. आला नाही. पातेलं घासून ठेवायचं होतं, ते तिने घासलं.

संध्याकाळीही त्याने महेशच्या हातून खाल्लं. पिंजरा गाडीत चढला. इरकल नेसलेले महेश संकोचून म्हणाले, "अक्का, हे घेऊन जातो. आणखी एखादं मिळेल का? हे धुवायला पडलं तर तो उपाशी राहील की."

दुसरं तिच्या अंगावर होतं. ती खोलीत गेली, रूपाने दिवाळीला दिलेली पिवळी साडी नेसली आणि हिरवं घडी करून त्यांच्या हातात दिलं. मग पपईची एक फोड तळहातावर घेऊन पिंजऱ्यापाशी गेली.

"बाळ्या."

त्याने मान तिरकी केली. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पपईकडे पाहिलंच नाही, आणि बांगड्यांवर नेम धरून चोच मारली. मनगटातून रक्त आलं.

"लागलं का गं?" सर पुढे झाले.

"न्हाई."

आता रडू येईल म्हणून ती जरा वेळ तशीच उभी राहिली. ते आलं नाही. पिवळा पदर मनगटाला गुंडाळून ती महेशकडे वळली.

"तिकडं गेल्यावर समद्यास्नी सांगा, डॉक्टर. घड्याळ, बांगडी काढून जवळ जावा म्हणावं. नवख्या माणसाला टोचतंय त्ये."